तिचा घास कोण मोजतं?

संपादकांनी यंदाचा विषय कळवला, ‘मोजमाप’, आणि मनात पहिलं गाव आलं ते उज्जैन. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहाने बांधलेली वेधशाळा तिथे आहे. मोडकळीला आलेल्या तिथल्या यंत्रांची डागडुजी माधवराव शिंद्यांनी १९२३ साली करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. जुन्या भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेखा याच गावावरून धरली जाई. तिथे दगडी पायऱ्यांवर सरकणाऱ्या सावलीवरून आजही वेळ सांगतात. मी मात्र दुसरंच माप शोधायला गेले होते. गरोदर बाई काय खाते याच्या नोंदी थोड्याफार होतात. ती कशी जेवते, भुकेला जेवते की सवडीला, चव घेऊन की उरकून, बसून की उभ्याने, हे कोणी मोजतं का? आणि मोजायचं ठरवलं तर कसं मोजणार?

या प्रश्नाला जगात आता एक नाव मिळालं आहे, ‘माइंडफुल ईटिंग’. आपण त्याला भान ठेवून जेवणं म्हणू. त्याच्या प्रश्नावल्या आहेत, गुण देण्याच्या पद्धती आहेत आणि गरोदरपणातलं वजन, मधुमेह, मनाची अस्वस्थता यांच्याशी त्याचा संबंध जोडू पाहणारं संशोधनही आहे. त्यातल्या एका प्रश्नावलीचं मराठी आणि हिंदी करून ते कागद मी पिशवीत टाकले होते.

मंगळवारची ओटी

मध्य प्रदेशातल्या अंगणवाड्यांत मंगळवारला महत्त्व असतं. महिन्यातले मंगळवार कामांना वाटून दिलेले आहेत: एकाला गोदभराई, एकाला बाळांचं अन्नप्राशन, एकाला वाढदिवस. घरी न्यायच्या आहाराची पाकिटंही बहुधा मंगळवारीच वाटली जातात. जुन्या उज्जैनमधल्या एका अंगणवाडीत मी पोहोचले तेव्हा गोदभराईची तयारी चालू होती. सतरंजीवर लाल चुनरी, एका ताटात नारळ, केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, द्रोणात मोड आलेले मूग, आणि या सगळ्यात खोचलेली लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी. कार्यकर्ता दीदीने सातव्या महिन्यातल्या एका मुलीला कुंकू लावलं, चुनरी पांघरली आणि सगळं तिच्या पदरात घातलं. मग तिला काट्यावर उभं केलं. मागच्या महिन्यापेक्षा वजन किलोभराने वाढलं होतं. दीदी खूश झाली, मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये आकडा गेला, मातृ-बाल कार्डावर गेला.

ते कार्ड मी हातात घेऊन निरखून पाहिलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गर्भाशयाची उंची, धनुर्वाताची सुई, गोळ्यांचा हिशेब. आहाराबद्दलचा सल्ला चित्रांसह छापलेला आहे, आणि तो चांगला आहे. पण ती काल काय जेवली, कधी जेवली, हे लिहायला जागा नाही. सरकारी हिशेबात तिच्या वाट्याला रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं देणारा पूरक आहार येतो. तो पाकिटातून दिला गेला याची नोंद होते. पाकीट घरी गेल्यावर काय होतं, ते ती नोंद सांगू शकत नाही.

‘काल काय काय खाल्लंस?’ मी त्या मुलीला विचारलं.

‘सब खाते हैं,’ उत्तर सासूबाईंनी दिलं. प्रेमाने दिलं, अभिमानाने दिलं. मुलगी हसली. थोड्या वेळाने सासूबाई पाकिटांसाठी सही करायला उठल्या, तेव्हा ती हळू आवाजात बोलू लागली. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ओट्याशी उभ्यानेच, कारण एकदा बसलं की उठवत नाही. संध्याकाळी धाकट्या दिराबरोबर थोडी सेव. रात्रीचं जेवण दहानंतर. ‘भूक कधी लागते?’ या प्रश्नावर ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘भूख लगती है तब सब घर में होते हैं.’

त्या दिवशी हाताला लागलेलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. भूक आहे, ती कळतेही आहे. भूक लागते त्या वेळी घर माणसांनी भरलेलं असतं, आणि भरल्या घरात सुनेने आधी ताट वाढून घ्यायचं नसतं. कार्डावरच्या कुठल्याही रकान्यात हे बसत नाही.

अठ्ठावीस प्रश्न

पिशवीतली प्रश्नावली अमेरिकेतल्या सिएटलची. तिथल्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राशी निगडित संशोधकांनी ती २००९ साली प्रसिद्ध केली. अठ्ठावीस प्रश्न, पाच बाजू: खाण्याचं भान, जेवताना लक्ष दुसरीकडे जाणं, पोट भरल्यावरही हात न थांबणं, जाहिराती किंवा समोर मांडलेले पदार्थ पाहून खाणं, आणि दुःखात-ताणात खाणं. प्रत्येक उत्तराला एक ते चार गुण. ज्यांच्यावर ती तपासून पाहिली त्यांत योगवर्गाला जाणारे होते, व्यायामशाळेतले होते, वजन उतरवू पाहणारे होते. नियमाने योग करणाऱ्यांचे गुण वर आले. या सगळ्याच्या मागे आहे ती १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेली ध्यानाधारित ताणमुक्तीची पद्धत. एकच बेदाणा हातात घेऊन, न्याहाळून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा तिच्यातला सराव जगभर पोहोचला.

गरोदरपणात हे सगळं उपयोगी पडेल अशी आशा का वाटते, ते समजण्यासारखं आहे. शहरात बैठं काम करणाऱ्या, मुळात वजन जास्त असलेल्या स्त्रीला ‘आता दोघांचं खा’ असा आग्रह होतो. वजन वाढतं, गरोदरपणातला मधुमेह मागे लागतो. त्यासाठी भारतात सरसकट होणारी चाचणी चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली: आधी जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली की सावध व्हायचं. अशा स्त्रीला ‘गोड बंद’ एवढंच सांगून भागत नाही. भूक आणि तल्लफ यांतला फरक तिला ओळखता आला, पोट भरल्याची खूण कळली, तर रोजचं ताट तिचं तिलाच सांभाळता येतं. भान ठेवून जेवण्याचा हा उपयोग खरा आहे आणि मी तो मानते.

पण कागद घेऊन बसल्यावर एकेक प्रश्न अडू लागला. जेवताना तुमचं लक्ष दुसरीकडे जातं का? जातं की. दूध उतू चाललंय का, मोठा मुलगा खाली पडला का, सासऱ्यांना आणखी पोळी हवी का. याला विचलित होणं म्हणायचं? ती तिची कामं आहेत. पोट भरल्यावरही खात राहता का? हो, पातेल्यात उरलेली खिचडी टाकवत नाही म्हणून. प्रश्नावलीच्या हिशेबात हा संयमाचा अभाव ठरतो. भूक नसताना खाता का? पहिल्या तीन महिन्यांत मळमळ थोपवायला दर दोन तासांनी कोरडा टोस्ट किंवा चार फुटाणे खायला डॉक्टरच सांगतात. म्हणजे वैद्यकीय सल्ला पाळणाऱ्या बाईचे गुण कापले जाणार. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय जठरावर दाबतं, पचन मंदावलेलं असतं, चार घासांत पोट भरतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. बिगर-गरोदर माणसांच्या भुकेवर बेतलेले प्रश्न या शरीराला लागू पडत नाहीत.

मुख्य अडचण याहून खोल आहे. जेवणारीचं ताट तिच्या हातात आहे, हे या प्रश्नावलीने गृहीत धरलंय. काय शिजवायचं, किती घ्यायचं, कधी बसायचं, हे तिने ठरवायचं आणि मग त्यात तिचं भान किती हे आपण तपासायचं. उज्जैनच्या त्या मुलीकडे भान भरपूर आहे, मुभा नाही. तिला कमी गुण देणारं माप चुकीच्या माणसाला नापास करतं.

कटोरीचा हिशेब

गरोदर बाईच्या ताटाचं आजवरचं सर्वांत चिकाटीचं मोजमाप आपल्या महाराष्ट्रात झालं आहे, आणि त्याची गोष्ट मराठी वाचकांना पुरेशी सांगितली गेलेली नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम उभं केलं. लग्न झालेल्या, पण अजून गरोदर नसलेल्या बायकांपासून सुरुवात केली, म्हणजे दिवस राहण्याआधीचं शरीरही नोंदलं जाईल. मग गरोदरपणात अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला आहार मोजला. त्याची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या गटाने सांभाळली. मोजायचं म्हणजे घरोघर जाऊन बसायचं. मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं ते एकेक करून आठवायला लावायचं, आणि कोणता पदार्थ आठवड्यातून किती वेळा होतो तेही विचारायचं.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ‘एक वाटी आमटी’ म्हणजे किती, इथूनच भांडण सुरू होतं. प्रत्येक घरातली वाटी वेगळी, भाकरीची जाडी वेगळी, आमटीतलं डाळीचं पाणी वेगळं. म्हणून आहारतज्ज्ञ मापाच्या वाट्या आणि चमचे बरोबर नेतात आणि ‘यातली कुठली?’ असं दाखवून विचारतात. स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटातला उरलेला वरणभात, शेतावर खाल्लेली बोरं हे बाई सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते जेवण नसतंच. ते खोदून काढावं लागतं. आणि सासूबाई शेजारी बसल्या असतील तर उत्तर बदलतं, हे कोणतीही अनुभवी अंगणवाडी सेविका सांगेल.

निष्कर्ष तज्ज्ञांनाही विचार करायला लावणारे होते. या माता सरासरी जेमतेम ४२ किलोंच्या. त्यांच्या आहारातले एकूण उष्मांक आणि एकूण प्रथिनं यांचा बाळाच्या जन्मवजनाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा पोटात जातात याच्याशी. पालेभाज्यांचा फायदा चाळीस किलोंच्या आतल्या, सर्वांत किडकिडीत आयांच्या बाळांत अधिक ठळक होता. याच अभ्यासातून पुढे आलं की शेतातली, पाणी भरण्याची जड कामं जास्त करणाऱ्या आयांची बाळं लहान होती. त्याशिवाय बहुतेक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, सरासरी २.७ किलोंच्या आसपास, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. ‘दिसायला बारीक, आतून चरबीदार’ या भारतीय बाळाची ओळख जगाला इथूनच झाली.

पुढचं पाऊल मुंबईत पडलं. डॉ. रमेश पोतदार, वांद्र्याचं सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज आणि साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी २००६ पासून ‘सरस’ प्रकल्प चालवला. झोपडवस्त्यांतल्या ६,५१३ स्त्रियांना दिवस राहण्याआधीपासून रोज एक खाऊ द्यायचा. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असले कमी पोषणाचे पदार्थ. खाऊ घरी न्यायचा नाही. केंद्रावर येऊन कार्यकर्तीसमोर खायचा, आणि पूर्ण खाल्ला, अर्धा खाल्ला की तसाच ठेवला हे तिने टिपायचं. सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं असं दिसलं नाही. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून ज्यांनी तो खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला.

आकड्यांइतकाच मला तो केंद्रावरचा नियम महत्त्वाचा वाटतो. खाऊ तिचाच. नवऱ्याचा नाही, पोराचा नाही, उरलं तर तिला असा नाही. तिने बसायचं आणि खायचं. संशोधकांनी तो नियम केला अचूक मोजमापासाठी. पण त्या वस्तीतल्या कित्येक बायकांच्या दिवसात फक्त स्वतःसाठी बसून खाण्याची ती एकमेव वेळ असेल, असं मला वाटतं.

फ्रीगंजमधलं डोहाळजेवण

शिंद्यांची गादी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी उज्जैनला होती आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेलं गोपाळ मंदिर आजही बाजारपेठेच्या मधोमध उभं आहे. त्या काळापासूनची आणि नंतर नोकरीनिमित्त आलेली मराठी घरं गावात आहेत. त्यांचं मराठी माळव्यातल्या हिंदीत भिजलेलं, आणि सकाळचा नाश्ता पोहे-जिलबी, वरून सेव. फ्रीगंजमधल्या अशाच एका घरी डोहाळजेवणाला मला बोलावणं आलं.

सातवा महिना. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसवलेली सून, दोन वाट्यांखाली झाकलेले पेढा आणि बर्फी. पंगतीत मसालेभात, कटाची आमटी, साखरभात, शिवाय माळव्याची म्हणून रबडी. सजावट सगळीकडे असते तशीच. मला आवडलं ते आदल्या आठवड्यातलं. त्या घरच्या आत्याबाई रोज फोन करून सुनेला विचारत होत्या, ‘आज काय खावंसं वाटतंय गं?’ एके दिवशी तिला कैरीचं पन्हं हवं होतं, एके दिवशी नुसता दहीभात, एके दिवशी काहीच नको. आत्याबाईंनी तेही ऐकून घेतलं. ‘काहीच नको म्हणाली की मी दुपारी पुन्हा विचारते,’ एवढंच त्या म्हणाल्या.

भान ठेवून जेवण्याचा आपल्याकडचा विचार मुळात याच वाटेने गेला आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला होणाऱ्या इच्छा डावलू नयेत असं सांगितलं आहे. चरकसंहितेने आहाराचा विचार आठ अंगांनी केला: पदार्थाचा स्वभाव, त्यावरचे संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती, कोणत्या प्रदेशात, कधी, कोणत्या रीतीने आणि खाणारा कोण. गरम जेवावं, आधीचं पचल्यावर जेवावं, घाई नको आणि रेंगाळणंही नको, मन जेवणात असावं, हेही त्याच ग्रंथात आहे. उज्जैनच्या सरकारी माता-बाल रुग्णालयाला याच चरकाचं नाव दिलं आहे. तिथे महिन्याच्या नऊ तारखेच्या तपासणीला येणाऱ्या बायकांना त्या आठांतला एकतरी प्रश्न विचारला गेला तर त्या नावाचं सार्थक होईल.

परंपरेचा दुसरा चेहराही त्याच पंगतीत होता. एका काकूंनी सुनेच्या ताटातलं केळं उचललं, ‘थंड असतं.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘फार जेवू नकोस, बाळ मोठं झालं की सिझर करावं लागतं.’ हा समज भारतभर आहे आणि घातक आहे. पोट कापलं जाईल या धास्तीने बाई अर्धपोटी राहते, आणि लहान बाळ म्हणजे सुखरूप बाळंतपण असं घरचे मानून चालतात. पपईचंही तसंच. कच्च्या पपईच्या चिकाबाबत जपणं बरोबर. पिकल्या पपईच्या नेहमीच्या दोन फोडींना तो धाक लावायचं कारण नाही. ‘दोघांचं खा’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब बघावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण. दुसऱ्या माणसाचं अख्खं जेवण नाही. प्रथिनं मात्र खरोखर जास्त हवीत, शेवटच्या तीन महिन्यांत रोज जवळपास २२ ग्रॅम, आणि आपल्या पोळी-बटाट्याच्या ताटात नेमकी तीच कमी पडतात.

उपास, चहा आणि लाल गोळी

उज्जैनला श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते. त्या गावात श्रावण सोमवार न करणारी सासुरवाशीण शोधावी लागेल. त्यात हरितालिका, करवा चौथ, काही घरांत निर्जळी. गरोदरपणात पाण्याशिवाय दिवस काढणं धोक्याचं आहे, आणि बहुतेक घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना ते पटतंही. पण ‘कर’ कोणी म्हणत नसलं तरी ‘करू नकोस’ हेही कोणी म्हणत नाही. ते कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं, शक्यतो सासूबाईंनीच.

चहाचं तसंच. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नसते, मध्ये दोन तास सोडायचे. गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून बायका ती ठेवून देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आणि गरोदरपणात १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता फक्त २६ टक्के. गोळ्यांची पट्टी पदरात पडते. रात्री जेवणानंतर, पाण्याबरोबर, रोज, हे कोणी बसून समजावत नाही.

शेवटी जेवणारी

अर्थशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला: भारतात गर्भधारणेच्या वेळी ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात, आणि संपूर्ण गरोदरपणात त्यांचं वजन सरासरी सातच किलोंनी वाढतं. कमी वजनाच्या स्त्रीने साडेबारा ते अठरा किलो वाढवावेत अशी अमेरिकेतली शिफारस आहे. गरोदरपण संपतानासुद्धा आपल्याकडच्या बाईचं वजन आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांमधल्या बाईपेक्षा कमी भरतं. अन्नाच्या टंचाईने एवढं घडत नाही. तरुण सुनेचं घरातलं स्थान त्याला जबाबदार आहे, हे कॉफी यांनी स्पष्ट म्हटलं.

त्या स्थानाचं सर्वांत साधं माप म्हणजे पंगतीतला क्रम. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात तो प्रश्न विचारलाच जातो: घरात मुख्य जेवणाला बायका पुरुषांबरोबर बसतात, आधी, की नंतर? शेवटी जेवणारीच्या वाट्याला डाळ तळाची येते, भाजी संपलेली असते, पोळी गार झालेली असते. तिला पोट भरल्याची खूण ओळखायची वेळच येत नाही, कारण पातेलं आधी रिकामं होतं.

माळव्याला लागूनच असलेल्या राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यात आणि सिरोहीत काही वर्षांपूर्वी एका पोषण प्रकल्पाने बचतगटांमार्फत साधी गोष्ट सांगायला सुरुवात केली: सगळ्यांनी एकत्र जेवा. नवीन धान्य दिलं नाही, पैसे दिले नाहीत. नवरे-सासऱ्यांशी बोलणं, चित्रं दाखवणं, गप्पा, एवढंच. एकत्र बसू लागलेल्या घरांत बायकांच्या ताटातले पदार्थ वाढले. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. पाकिटाऐवजी पंगत, ही त्या योजनेतली शहाणपणाची बाजू आहे. ते जेवण घरी वाटून जात नाही. चार जणी शेजारी बसतात, एकमेकींकडे पाहून खातात, बोलतात. जेवताना बोललं की लक्ष विचलित होतं, असं कोणी म्हणेल. आमच्या बायकांचं मात्र बोलता बोलता दोन घास जास्त जेवण होतं.

मग विचारायचं काय?

अन्न आणि कृषी संघटनेचं एक माप आता जगभर वापरतात. पदार्थांचे दहा गट. काल दिवसभरात बाईच्या पोटात त्यांतले किमान पाच गेले का? धान्य-कंद, डाळी, दाणे-बिया, दूध, मांस-मासे, अंडी, गर्द हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. अंगणवाडी सेविका दोन मिनिटांत हे विचारू शकते. माळव्यातल्या शाकाहारी ताटात अंडी-मांस नसलं तरी पाचाचा आकडा गाठता येतो: पोळी, डाळ, दही, मेथी, पेरू. उज्जैनच्या मंडईत हे सगळं मिळतं आणि महागही नाही.

पण त्याच्या जोडीला ‘कसं’ हवंच. माझ्या मते ते प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातून यायला हवेत. काल भूक लागली तेव्हा किती वेळाने जेवलीस? बसून जेवलीस का? कोणाबरोबर? वाढून कोणी दिलं? आणखी हवं होतं तेव्हा मागितलंस का, आणि मागायला संकोच वाटला का? खावंसं वाटलेलं या आठवड्यात काही मिळालं का? सासूबाई शेजारी नसताना हे विचारायचं, आणि दर महिन्याला विचारायचं, कारण मळमळीच्या महिन्यातलं उत्तर आठव्या महिन्यात लागू पडत नाही. एकेका उत्तराला गुण द्यायचे असतील तर ते सुनेला देऊ नयेत, घराला द्यावेत. ‘भूक लागली आणि अर्ध्या तासात जेवली’ याचं श्रेय आणि ‘दहानंतर उभ्याने जेवली’ याचा दोष, दोन्ही घराचे.

अंगणवाडीतल्या दीदीला मी हे प्रश्न वाचून दाखवले. तिने शेवटून दुसरा प्रश्न पुन्हा वाचायला लावला, आणखी मागायला संकोच वाटला का, हा. मग म्हणाली, ‘ये तो सास के सामने पूछना चाहिए, सास को भी तो पता चले.’ माझं मत वेगळं आहे, पण तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे. खरं उत्तर हवं असेल तर एकटीला विचारा. घर बदलायचं असेल तर सगळ्यांसमोर विचारा. दोन्ही करायला हवं.

‘पोषण ट्रॅकर’मध्ये आज उंची आहे, वजन आहे, वाटलेली पाकिटं आहेत. त्यात ‘काल कोणाबरोबर जेवलीस?’ हा एक रकाना वाढवायला मोठा खर्च नाही. महिला व बालविकास खात्यांनी, मध्य प्रदेशच्या आणि महाराष्ट्राच्याही, एखाद्या जिल्ह्यात वर्षभर तरी हे करून पाहावं. आणि या दिवाळीत तुमच्या घरी कोणी दिवस गेलेली मुलगी असेल, तर फराळाचं ताट आधी तिच्यासमोर ठेवा, तिच्याशेजारी बसा, आणि तिचं पोट भरेपर्यंत तिला उठवू नका.